मुंबईहून किती किलोमीटर, किती तास: नववीच्या प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी २०२६, सोमवार

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या प्रदर्शनासाठी नववीचा विषय नक्की झाला. मुंबई विमानतळापासून जगातल्या लांबच्या विमानतळांचं अंतर किती आणि तिथे पोचायला वेळ किती. मुख्य जोडी मुंबई–न्यूयॉर्क.

शाळा पार्ल्यात आहे. पश्चिमेकडे उडालेलं विमान तासाच्या मध्यावर डोक्यावरून जातं आणि शिकवणं तेवढा वेळ थांबतं. वर्गातल्या बऱ्याच घरांची चूल विमानतळावर चालते. कुणाचे वडील लोडर, कुणाची आई सफाईला, कुणाचे काका कार्गोत. पण "हे विमान न्यूयॉर्कला चाललं असेल तर आता कुठे वळेल?" असं विचारलं की सगळे हात जुहूच्या समुद्राकडे. अमेरिका पश्चिमेला, म्हणून विमानही पश्चिमेला. प्रकल्प इथूनच सुरू करायचा.

साहित्य: ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल, शिलाईचा सुती दोरा (ताणला तरी लांबत नाही असा), चिकटपट्टी, शिंप्याची टेप, सायंटिफिक कॅल्क्युलेटर.

७ जानेवारी, बुधवार

आधी भिंतीवरचा सपाट नकाशा. मुलांनी मुंबई ते न्यूयॉर्क पट्टी लावून रेघ मारली. रेघ अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जिरिया, मोरोक्को असं करत अटलांटिक ओलांडून गेली. मग त्याच दोन जागांमध्ये पृथ्वीगोलावर दोरा धरायला लावला आणि सांगितलं, "आता ताणा." ताणल्याबरोबर दोरा सरकत वर गेला आणि युरोपच्याही उत्तर टोकाला जाऊन बसला. दोन मुलींनी तो परत खाली आणून मोरोक्कोवर धरायचा प्रयत्न केला. तसं धरलं की दोरा अपुरा पडतो.

हा ताणलेला दोरा म्हणजे बृहत् वृत्ताचा तुकडा. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने पृष्ठभाग कापला तर जे वर्तुळ मिळतं ते. विषुववृत्त हे बृहत् वृत्त आहे, बाकीची अक्षवृत्तं नाहीत. हे पुस्तकात आहे आणि मुलांना तोंडपाठही आहे. आज पहिल्यांदा ते त्यांच्या बोटांना कळलं.

दोऱ्याखालची ठिकाणं आम्ही एकेक करून वाचली: राजकोटच्या आसपास, कच्छचं रण, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानची पश्चिम बाजू, मॉस्कोच्या अगदी जवळून, हेलसिंकीच्या जवळून, नॉर्वेतलं ट्रोंडहाइम, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, लॅब्राडोर, क्वेबेक, न्यूयॉर्क.

"बाई, न्यूयॉर्कला जाताना बर्फ लागतो?" हा प्रश्न मागच्या बाकावरून आला. तक्त्याचं उपशीर्षक म्हणून तोच घ्यावा असं मनात आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

आज दोऱ्याचं उत्तर गणिताने तपासलं. गणिताच्या बाईंनी त्यांचा तास दिला, त्यांचे आभार.

मुंबई विमानतळ: १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ: ४०.६४ अंश उत्तर, ७३.७८ अंश पश्चिम. रेखांशांतला फरक १४६.६५ अंश. एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा, म्हणून बेरीज करायची.

सूत्र शब्दांत लिहून घेतलं. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार काढा. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार काढून त्याला रेखांशफरकाच्या कोसाइनने गुणा. दोन्हींची बेरीज म्हणजे पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन. त्यावरून कोन काढला की ११२.७ अंश येतो. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किलोमीटर धरली तर एका अंशाला १११.२ किलोमीटर. उत्तर: सुमारे १२,५३० किलोमीटर.

पृथ्वीगोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर. दोरा टेपवर साडेएकोणतीस सेंटिमीटर भरला होता. तोंडी गुणाकार केला आणि वर्गात एकदम गलका झाला. कॅल्क्युलेटर आणि दोरा एकच आकडा सांगतात, हा आनंद कुठल्याही गुणपत्रिकेत मावणारा नाही.

सपाट नकाशावरच्या रेघेने, म्हणजे होकायंत्राचा एकच कोन धरून गेलं तर अंतर १४,२०० किलोमीटरच्या आसपास येतं. फरक दीड हजारांहून जास्त. सपाट कागदाची किंमत तक्त्यावर अशीच आकड्यात लिहायची.

एका मुलाने विचारलं की फोनवर पाहिलं तर वेगवेगळ्या ठिकाणी दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे का दिसतात. रास्त प्रश्न. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाशी ६,३५७. आपण तिला निखळ गोल धरतो. त्यामुळे अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक पडू शकतो. तक्त्यावर प्रत्येक आकड्यामागे "सुमारे" हा शब्द येणार, आणि तो का येणार हेही खाली लिहायचं.

१३ जानेवारी, मंगळवार

उद्या संक्रांत, अर्धा वर्ग पतंगांच्या नादात. दिशांचं काम केलं. त्याला हाताला चाळा लागतो, ते आजच्यासाठी बरं.

न्यूयॉर्कचा दोरा मुंबईतून निघताना उत्तरेच्या थोडा पश्चिमेला, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर ३३३ अंशांवर. मग सॅन फ्रान्सिस्कोचा दोरा लावला: सुमारे १३,५१० किलोमीटर, आणि दिशा १४ अंश, म्हणजे उत्तरेच्या थोडी पूर्वेला. एकाच देशातली दोन शहरं, एकाकडे जायचं तर सिंधवरून, दुसरीकडे जायचं तर चीन आणि सायबेरियावरून. हा दुसरा दोरा आर्क्टिक महासागरावर ७६ अंश उत्तर अक्षांशाच्याही वर चढतो.

पश्चिमेला ज्यांनी हात केले होते त्यांनी आज खिडकीतून अंधेरीच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूला हात केले.

१६ जानेवारी, शुक्रवार

नवी मुंबईचं काय? प्रश्न अपेक्षितच होता. तिथल्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी उड्डाणं सुरू झाली. सांताक्रूझ-सहारच्या जुन्या विमानतळापासून सरळ रेषेत तो साधारण चोवीस किलोमीटरवर आहे. आपल्या गोलावर ते अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतं, म्हणजे टाचणीचं डोकं दोन्हींना झाकतं. अंतरासाठी एकच मुंबई पुरे. घरापासून विमानतळापर्यंतच्या वेळासाठी मात्र एकच मुंबई पुरत नाही. डोंबिवलीहून निघणारा आणि पार्ल्याहून निघणारा यांचं गणित वेगळं. ते सदर शेवटी घेऊ.

२० जानेवारी, मंगळवार

आता वेळ. मोठं जेट विमान साधारण मॅक ०.८४ ने जातं, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.८४ पट. अकरा-बारा किलोमीटर उंचीवर हवा उणे ५६ अंशांच्या आसपास थंड असते, तिथे ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर. म्हणून विमानाचा वेग ताशी ८९० च्या जवळपास. १२,५३० ला त्याने भागलं की चौदा तास.

पण वेळापत्रकात मुंबई–न्यूयॉर्क थेट विमानाला साधारण पंधरा-सोळा तास दिसतात, आणि परतीला चौदा-साडेचौदा. तोच दोरा, तेच विमान. मुलांना हे अजिबात पटलं नाही, आणि न पटणंच योग्य होतं. विज्ञानाच्या सरांना शुक्रवारी बोलावलं आहे.

एका मुलीचे वडील रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी करतात तिथे, काम करतात. ते तिला सोडायला आले तेव्हा थांबवून विचारलं, वेळ मोजायला सुरुवात कुठून होते? ते म्हणाले, "बाई, चाकाखालचे ठोकळे काढले की घड्याळ चालू. आणि तिकडे ठोकळे लावले की बंद. मधे धावपट्टीकडे जायच्या वाटेवर, टॅक्सीवेवर, अर्धा तास उभं राहिलं तरी ते त्यातच." वेळापत्रकातला आकडा म्हणजे हा वेळ, निव्वळ हवेतला नव्हे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे काम चालत नाही, आणि रांगेत थांबणं हे इथलं रोजचं.

त्यांना प्रदर्शनाच्या दिवशी टेबलाशी उभं राहायची विनंती केली आहे. ज्यांच्या हाताने ठोकळे लागतात त्यांनीच ते समजावलं पाहिजे.

२३ जानेवारी, शुक्रवार

सर आले आणि फळा भरून गेला.

नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वाऱ्याचा पट्टा म्हणजे जेट स्ट्रीम. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उष्ण हवा यांच्यातला तापमानाचा फरक आणि पृथ्वीचं परिवलन यांतून तो तयार होतो. हिवाळ्यात फरक वाढतो, म्हणून वाराही वाढतो. अमेरिकेकडे जाताना तो बराच काळ समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो.

सरांनी सोपं गणित दिलं. विमान ताशी ८९२, वारा ताशी १००. जाताना जमिनीवरून मोजलेला वेग ७९२, म्हणजे १५ तास ४९ मिनिटं. येताना ९९२, म्हणजे १२ तास ३८ मिनिटं. दोन्हींची बेरीज २८ तास २७ मिनिटं. वारा नसता तर २८ तास ६ मिनिटं. वारा दोन्ही वेळी तेवढाच, तरी एकवीस मिनिटं जास्त लागली. कारण समोरच्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो आणि पाठीमागच्या वाऱ्यात कमी. मुलांनी हे वाऱ्याचे वेगवेगळे आकडे घेऊन करून पाहिलं. दरवेळी जाण्यायेण्याची बेरीज वाढतेच.

दोन खरी उदाहरणं तक्त्यासाठी घेतली. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात. जमिनीवरून पाहता त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता, तरी ते ध्वनीपेक्षा वेगवान नव्हतं, कारण भोवतालची हवाच त्याला घेऊन चालली होती.

दुसरं उदाहरण मला स्वतःला फार आवडतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. मार्ग सुमारे १,४०० किलोमीटरने लांबला, १५,३०० पर्यंत गेला, आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला. अंतर वाढलं आणि वेळ घटला. माझ्या मते अख्ख्या प्रकल्पात सांगण्यासारखं हेच आहे. किलोमीटर पृथ्वी ठरवते. तास मात्र वारा ठरवतो, सरहद्दी ठरवतात, आणि घड्याळ त्यात आपली भर घालतं.

२९ जानेवारी, गुरुवार

सरहद्दी. हे काम मुलांसमोर जपून करावं लागलं. मत द्यायचं नाही, दोरा वळवून दाखवायचा.

२४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हवाई हद्द भारतीय विमानांना बंद आहे, आणि ३० एप्रिलपासून भारताचीही त्यांच्या विमानांना. २०१९ मध्येही फेब्रुवारीपासून जुलैच्या मध्यापर्यंत असंच झालं होतं. मग आपला राजकोट-सिंध-अफगाणिस्तान दोरा चालणार नाही. तो आधी अरबी समुद्रावरून मस्कतला आणि तिथून न्यूयॉर्कला ताणला: १,५९० अधिक ११,३२५, म्हणजे सुमारे १२,९१५. वाढ जेमतेम चारशे किलोमीटर, अर्धा तास. आता हेच दिल्लीसाठी. दिल्ली–न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे ११,७५५. गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत खाली उतरून मस्कतमार्गे गेलं तर साडेतेरा हजारांच्या घरात, म्हणजे सतराशे किलोमीटर जास्त, जवळजवळ दोन तास. बंद दार एकच, पण मुंबईला ते बाजूला पडतं आणि दिल्लीला अगदी समोर. विमानं नेमकी याच बिंदूंवरून जातात असं नाही. वळसा किती पडतो याचा अंदाज येण्यासाठी एवढं पुरतं.

हेलसिंकीची गोष्टही जोडली. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियावरचा मार्ग बंद झाला आणि फिनलंडच्या फिनएअर कंपनीचं हेलसिंकी–टोकियो विमान उत्तर ध्रुवावरून जाऊ लागलं. नऊ-साडेनऊ तासांचे तेरा झाले. त्या कंपनीची मोठी भिस्त हेलसिंकी आशियाच्या जवळ असण्यावर होती.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

घड्याळ. इथे मुलं सर्वांत जास्त रमली.

नमुन्याचं तिकीट बनवलं. मुंबईहून निघणं पहाटे २:००, न्यूयॉर्कला पोचणं त्याच दिवशी सकाळी ७:००. परतीचं निघणं सकाळी ११:३०, मुंबईत पोचणं दुसऱ्या दिवशी दुपारी १२:३०. तिकिटावरची वेळ पाहिली तर जायला पाच तास, यायला पंचवीस. वर्गात चर्चा पेटली. न्यूयॉर्कचं घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. जाताना पाचमध्ये साडेदहा मिळवा: साडेपंधरा. येताना पंचविसातून साडेदहा वजा करा: साडेचौदा.

मग एकीने फळ्यावर येऊन नुसती पाच आणि पंचवीसची बेरीज केली. तीस. साडेपंधरा आणि साडेचौदाची बेरीजही तीस. घड्याळांतला फरक एकदा वजा होतो, एकदा मिळतो, म्हणून बेरजेत उरतच नाही. म्हणजे कुठल्याही दोन विमानतळांचं जायचं-यायचं तिकीट हाती असलं तर वेळेतला फरक माहीत नसतानाही सरासरी प्रवास काढता येतो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचं कार्ड तक्त्याच्या मधोमध लावायचं.

जाता जाता: भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मिर्झापूरची. मुंबईचा सूर्य तिच्यापेक्षा साधारण ३९ मिनिटं मागे चालतो, आणि एकेकाळी मुंबईची स्वतःची तेवढी मागे असलेली वेळ होती. आजोबांच्या पिढीतल्या कुणाला आठवते का, घरी विचारून यायला सांगितलं आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

इतिहासाची पट्टी तयार. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन विमान आणलं, ते आपल्या जुहूला उतरलं. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेलं. मे १९६० मध्ये एअर इंडियाचं बोइंग ७०७ ने लंडनमार्गे न्यूयॉर्क सुरू झालं. २००७ मध्ये एअर इंडियाचं मुंबई–न्यूयॉर्क थेट. जुहूची पट्टी शाळेपासून चालत जाण्याइतकी जवळ आहे आणि आज तिथे मुख्यतः हेलिकॉप्टरं असतात.

१८ फेब्रुवारी, बुधवार

उद्या शिवजयंतीची सुट्टी, म्हणून आज सर्वांत लांबचा विमानतळ संपवला.

मुंबईच्या बरोब्बर विरुद्ध बिंदू १९ अंश दक्षिण, १०७ अंश पश्चिम. पॅसिफिकच्या मधे, नुसतं पाणी. तिथून सर्वांत जवळची धावपट्टी चिलीच्या ईस्टर बेटावरची. तीन किलोमीटरांहून लांब, कारण नासाच्या अवकाशयानाला संकटात उतरता यावं म्हणून १९८०च्या दशकात ती वाढवली होती. मुंबईपासून सुमारे १९,०९० किलोमीटर. याहून दूर धावपट्टी नाही, आणि विरुद्ध बिंदू ओलांडला की जवळ यायला सुरुवात.

गोलावर दोरा लावला आणि तो बसेचना. उत्तरेकडून धरा, दक्षिणेकडून धरा, थोडा ढकलला की घसरतो, आणि लांबी फारशी बदलत नाही. जवळजवळ विरुद्ध बिंदूंमध्ये सगळ्या दिशांच्या वाटा साधारण सारख्याच लांब असतात. मुलं कितीतरी वेळ दोरा फिरवत राहिली, मीही थांबवलं नाही.

प्रत्यक्ष जायचं तर पॅरिसपर्यंत ७,००० किलोमीटर, तिथून सँटियागो ११,६७०, तिथून बेट ३,७५०. बेरीज २२,४२०. हवेतले तास एकोणतीस-तीस, आणि थांबे धरले तर दोन दिवस सहज.

२८ फेब्रुवारी, शनिवार

कालच मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम झाला, त्यामुळे हॉल रात्री मिळाला. तरी सगळं वेळेवर लागलं.

लोडर, सफाई आणि सुरक्षेतले पालक ड्युटी बदलून आले. रॅम्पवरच्या वडिलांनी लाकडाचे दोन ठोकळे करून आणले होते आणि प्रत्येक गटाला ते लावून-काढून दाखवत होते. दारापासून दारापर्यंतच्या सदरासाठी आलेल्या लोकांकडूनच वेळा लिहून घेतल्या. विरारहून निघणाऱ्या एका आजींनी लिहिलं, लेकीकडे न्यू जर्सीला जाताना घरचं कुलूप लावल्यापासून तिच्या दारात पोचेपर्यंत पूर्ण दिवस आणि वर चार तास. विमानातले तास त्यात अर्ध्याहून थोडे जास्त. त्यांनी मॉस्कोजवळचा दोरा बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "इतक्यांदा गेले, आज कळलं कुठून जातं."

९ मार्च, सोमवार

काल अमेरिकेत उन्हाळी वेळ सुरू झाली. तक्ता अजून जिन्यात लावलेला आहे, म्हणून वेळफरकाचं कार्ड बदललं: साडेदहाच्या जागी साडेनऊ. नमुन्याच्या तिकिटात न्यूयॉर्कला पोचणं सातऐवजी आठ, मुंबईत पोचणं साडेबाराऐवजी साडेअकरा. सहा आणि चोवीस. बेरजेचं कार्ड तसंच राहिलं.

पृथ्वीगोल, दोरे आणि सूत्राची कागदं आठवीच्या वर्गशिक्षकांकडे दिली. ईस्टर बेटाचा ऑकलंडमार्गे वळसा काढायचा राहिला आहे. मुंबई–ऑकलंड सुमारे १२,३००, ऑकलंड–सँटियागो ९,६५०. पुढचं त्यांनी करावं.